भांडखोर माशांचा संसार

काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आता केवळ मुंबई-पुण्याची राहिलेली नाही. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्यानंतर कितीतरी वर्षे मराठवाड्यातून मुंबईला गेलेला मनुष्य तेथले रंगीत मासे पाहून येई आणि गावी परतल्यावर चार दिवस त्यांच्याच गोष्टी सांगे. आज आपल्या हिंगोली जिल्ह्यातही एखाद्या दवाखान्यात, दुकानात किंवा घराच्या पुढच्या खोलीत निळ्या दिव्याची टाकी दिसते. सुरुवात बहुधा गप्पी, मॉली किंवा गोल्डफिश यांच्यापासून होते. मग कोणीतरी काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा आणून त्यात सोडतो. आठ दिवसांत गोल्डफिशचे पंख कातरलेले, मॉली कोपऱ्यात दडलेल्या, आणि पट्टेवाले पाहुणे घराचे मालक होऊन बसलेले, असे दृश्य दिसते. घरची मंडळी म्हणतात, "हा मासा दुष्ट आहे. टाका नेऊन विहिरीत!"

वाचकहो, या एका वाक्यात दोन चुका आहेत. मासा दुष्ट आहे ही पहिली, आणि त्याला विहिरीत टाकावे ही दुसरी. पहिल्या चुकीने फार तर एका टाकीचे नुकसान होते. दुसरीने मात्र नद्यांचे होते. या दोन्ही चुका का टाळायच्या, हेच आज सांगायचे आहे.

या भांडखोर माशांच्या कुळाला सिक्लिड म्हणतात. कुळ मोठे आहे. दीड हजाराहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेच्या व अमेरिकेच्या गोड्या पाण्यातल्या. पण हे नाते वाटते तितके दूरचे नाही. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तो चविष्ट मासा सिक्लिडच. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात, आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. दक्षिणेकडच्या खाडीच्या पाण्यात त्याचा एक छोटा नारिंगी भाऊही राहतो. आणि बाजारात चिलापी म्हणून जो मासा मिळतो, तो तिलापियाही याच कुळातला. म्हणजे सिक्लिड कधी पाहिला नाही असे म्हणणाऱ्या पुष्कळांनी तो रश्शात खाल्लेला असतो.

आता हा मासा भांडतो का, ते पाहू. त्यासाठी आपल्या ओळखीच्या गप्पीपासून निघावे. गप्पी हा गरीब मासा. हिवतापाच्या खात्याची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो हौदांत नि डबक्यांत सोडतात. तो कोणाशी भांडत नाही. परंतु त्याची मादी पिल्ले टाकते आणि दुसऱ्या क्षणी त्यांना विसरते. विसरते म्हणणेही सौम्यच झाले, कारण समोर आलेले स्वतःचे पिल्लू ती गिळूनही टाकते. जिला घर नाही, ज्याला राखावे असे काही नाही, त्या जीवाला भांडायचे तरी कशासाठी?

सिक्लिडाचे तसे नाही. त्याला घर असते, जोडीदार असतो आणि लेकरे असतात. अंडी घातल्यापासून पिल्ले हिंडूफिरू लागेपर्यंत आणि पुढेही काही आठवडे आईबाप, काही जातींत दोघे आणि काहींत एकटी आई, त्यांची राखण करतात. कोंबडी पिल्ले घेऊन अंगणात हिंडत असली की कुत्र्याच्याही अंगावर धावून जाते. तिला आपण दुष्ट म्हणत नाही, माया म्हणतो. सिक्लिडाचे भांडण हे त्या मायेचेच दुसरे अंग आहे. ज्याला त्याची माया पाहायची असेल त्याने त्याच्या भांडणाची सोय आधी करून ठेवली पाहिजे. या माशांच्या पैदाशीचे सारे शास्त्र या एका वाक्यात येते.

नवशिक्याने सुरुवात पट्टेवाल्या माशापासूनच करावी. इंग्रजीत याला कॉन्व्हिक्ट, म्हणजे कैदी, असे नाव पडले आहे, ते अंगावरच्या काळ्या-करड्या आडव्यातिडव्या नव्हे, तर वरून खाली उतरणाऱ्या नीट पट्ट्यांमुळे. हा मूळचा मध्य अमेरिकेतला. नर चार-पाच इंच वाढतो, मादी त्याहून लहान राहते. एरवी माशांत नर रंगीत आणि मादी साधी असते. येथे उलटे आहे. वयात आलेल्या मादीच्या पोटावर नारिंगी झाक येते, नराच्या पोटावर ती नसते. तेवढ्या खुणेवर जोडी ओळखता येते. याला आपले जड पाणीही मानवते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे पापुद्रे बसतात, तरी या माशाची त्याविषयी तक्रार नसते.

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असावी. तीत सुमारे दीडशे लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन दीड क्विंटल झाले. तेव्हा टेबल भक्कम हवे. नळाचे पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतो. ते उघड्या बादल्यांत चोवीस तास ठेवून मग वापरावे. नवीन टाकीत मासे एकदम भरू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते, आणि ते पचवणारे उपयोगी जंतू वाळूत व गाळणीत रुजायला महिना-दीड महिना लागतो. तोवर थोडे मासे, थोडे खाद्य आणि वरचेवर थोडे पाणी बदलणे हाच मार्ग. पुढेही दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलत राहावे. गाळणी स्पंजची घ्यावी, कारण यंत्राच्या जोरदार गाळणीत पिल्ले ओढली जातात.

जोडी कशी मिळवायची? येथे पुष्कळांचा हात पोळतो. दुकानातून एक मोठा नर आणि एक मोठी मादी आणली, टाकीत सोडली, की झाले लग्न, असे होत नाही. सिक्लिड मनपसंत जोडीदार निवडतो. लादलेला जोडीदार तो पुष्कळदा मारून टाकतो. म्हणून सहा लहान मासे एकत्र आणून वाढवावेत. काही महिन्यांत त्यांतले दोघे एका कोपऱ्याचा ताबा घेतात आणि बाकीच्यांना हाकलू लागतात. जोडी जमली ती हीच. मग उरलेल्या चौघांना त्याच दिवशी दुसरीकडे हलवावे. एवढ्या टाकीत दुसऱ्या कोणाचे घर होणे नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्यातलीच ही गोष्ट.

अंडी घालण्यासाठी यांना गुहा हवी. बाजारातल्या महाग वस्तूंची काही गरज नाही. संक्रांतीला वाण दिल्यावर घरोघर मातीची सुगडे उरतात. त्यांतले रंग न लावलेले, जरा मोठ्या तोंडाचे सुगड घ्यावे, चार दिवस पाण्यात भिजत घालावे आणि टाकीत वाळूवर आडवे ठेवावे. सुगडाचा आणखी एक गुण असा की तोंड बेताचे असेल तर लहान मादी आत शिरते आणि मोठा नर बाहेर राहतो. त्याचा राग अनावर झालाच, तर तिला दार लावून घेता येईल अशी ही खोली होते. अशी दोन-तीन सुगडे आणि काही काळे दगड टाकीत निरनिराळ्या जागी ठेवावेत. एकमेकांच्या दृष्टीआड होता आले की निम्मी भांडणे आपोआप मिटतात. माणसांच्या घरातही हा अनुभव येतोच.

पाण्याची उष्णता सव्वीस ते अठ्ठावीस अंश असली, खाणे चांगले असले, की मादी सुगडाच्या आतल्या भिंतीला शंभर-दोनशे अंडी चिकटवते. येथून पुढे जो संसार सुरू होतो तो पाहण्यासारखा असतो. मादी अंड्यांपाशी राहून पंखांनी अखंड वारा घालते, म्हणजे अंड्यांना ताजे पाणी मिळते. पांढरी पडलेली, नासलेली अंडी ती तोंडाने वेचून काढते, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी चांगल्या अंड्यांवरही पसरेल. नर बाहेर गस्त घालतो. तीन दिवसांनी अंडी फुटतात. पण पिल्लांना अजून पोहता येत नाही, पोटाशी बलकाची पिशवी असते, ती वळवळत पडून राहतात. आईबापांनी वाळूत खड्डे खणून ठेवलेले असतात, आणि ते पिल्लांना तोंडात धरून या खड्ड्यातून त्या खड्ड्यात नेतात. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्ले उठतात आणि आईच्या भोवती ढगासारखी पोहू लागतात. आई वाळूवर पंखांची फडफड करून गाळ उडवते, त्यातले सूक्ष्म खाद्य पिल्ले टिपतात. एखादे चुकार पिल्लू दूर गेले की बाप त्याला तोंडात घेऊन घोळक्यात आणून सोडतो. गिळत नाही, सोडतो! भुकेल्या माशाच्या तोंडात घास आहे आणि तो घास त्याला परत करावासा वाटतो, हे पाहिल्यावर मासा म्हणजे निर्बुद्ध जीव हे मत बदलावे लागते.

तरुण जोडी पहिल्या-दुसऱ्या खेपेला अंडी खाऊनही टाकते. त्यावरून तिला नावे ठेवू नयेत. पुढच्या खेपेला ती शिकते. पिल्लांना पहिले काही दिवस आर्टेमिया या खारट पाण्यातल्या किड्याची नुकतीच जन्मलेली पिल्ले द्यावीत. ती न मिळाल्यास उकडलेल्या अंड्याच्या बलकाची चिमूट फडक्यातून पिळून द्यावी, किंवा कोरडे खाद्य पिठासारखे कुटून द्यावे. बलक मात्र चिमूटभरच. जास्त झाला की पाणी नासते.

या दिवसांत टाकीत हात घातलात तर छोटी मादी तुमच्या बोटावर तुटून पडेल. दुखत फारसे नाही, पण अचंबा वाटतो. हात घालण्यापूर्वी हीटरचे आणि दिव्याचे बटण मात्र बंद करा. माशाच्या चाव्यापेक्षा विजेचा चावा वाईट.

येथवर सारे गोड झाले. आता कडू भाग. शत्रू कोणीच उरला नाही, की नराचा राग बायकोवर निघू लागतो. हे कोडे ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी फार छान उकलले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आक्रमकतेवरचे त्यांचे पुस्तक १९६३ साली निघाले, त्यात सिक्लिडांचे अनुभव आहेत, आणि त्या माशांत आपल्या दक्षिणेकडचा तो नारिंगी भाऊही आहे. लोरेन्झ सांगतात ते थोडक्यात असे. जोडीला शेजारी असले तर नर आपला राग शेजाऱ्यांवर काढतो आणि घरात नीट वागतो. शेजारी काढून घेतले तर तोच राग मादीवर उलटतो, प्रसंगी तिचा जीव जातो. मग उपाय काय? टाकीच्या मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवावी. दोन्ही नर काचेतून एकमेकांवर डोळे वटारतात, कोणालाही इजा होत नाही, आणि दोन्ही घरांत शांतता नांदते. काचेवर शेवाळ साचून पलीकडचे दिसेनासे झाले की घरात पुन्हा कुरबूर सुरू होते. काच पुसली की मिटते!

यावरून माणसांनी शेजाऱ्याशी भांडावे असा बोध कोणी घेऊ नये. माशाला राग आवरता येत नाही, तो वळवावा लागतो. माणसाला आवरता येतो, एवढा फरक आहे. पण मासे पाळणाऱ्याने ही युक्ती जरूर घ्यावी. टाकीत काच घालणे जमत नसेल तर शेजारी दुसरी छोटी टाकी ठेवली तरी काम भागते. आणि रोज एकदा मादीकडे नजर टाकावी. ती वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठाशी चिकटून राहत असेल, रंग फिका पडला असेल, शेपटी फाटली असेल, तर उद्यावर ढकलू नका. त्याच घटकेला तिला वेगळी काढा. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली की नर पुन्हा जोडीला उतावीळ होतो आणि मादी तयार नसते. धोक्याची वेळ ती हीच. तेव्हा पिल्ले दुसऱ्या टाकीत हलवावीत आणि जोडीमध्ये काही दिवस पडदा घालावा.

आपल्या भागात आणखी एक वैरी म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, खाणे निम्मे करावे, आणि बाहेरून ओले गोणपाट गुंडाळून पंखा सोडावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीही दोन-तीन अंश उतरते. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावावा. तो नसेल तर टाकीतलेच पाणी तांब्याने उचलून थोड्या उंचीवरून दर पंधरा-वीस मिनिटांनी ओतावे. गैरसोयीचे आहे, पण मासे वाचतात.

आता त्या दुसऱ्या चुकीकडे येऊ. ही जोडी महिन्या-दीड महिन्याने पुन्हा अंडी घालू शकते. पहिली शंभर पिल्ले कौतुकाची, दुसरी शंभर मित्रांना वाटण्याची, तिसरी शंभर मात्र दुकानदारही घेत नाही. मग बादली भरते आणि पावले विहिरीकडे किंवा कयाधूकडे वळतात. "देवाचा जीव, पाण्यात सोडला तर पुण्यच," असे आपण म्हणतो. येथेच थांबावे.

तिलापियाचा इतिहास यासाठी आठवावा. आफ्रिकेतला हा सिक्लिड १९५२ साली अन्नासाठी म्हणून भारतात आणला गेला. हेतू चांगला होता. मासा काटक, काहीही खाणारा आणि झपाट्याने वाढणारा. पण तो दोन-तीन महिन्यांत वयात येतो. नर तळाशी खड्डे खणून जागा अडवतात, आणि मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून ती फार मरत नाहीत. तलाव बोटभर माशांनी भरून जातो, वजनदार मासा राहत नाही. कटला, रोहू, मृगळ यांना खाणे आणि जागा अपुरी पडते. १९५९ सालीच भारताच्या मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. परंतु पाण्यात सुटलेल्या माशाला कागदावरची बंदी वाचता येत नाही. तो देशभर पसरला, आणि जगातल्या शंभर घातक परक्या जीवांच्या यादीत आज त्याचे नाव आहे. आपला पट्टेवाला कैदीही काही सालस नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या उबदार झऱ्यांत तो असाच सोडला गेला, टिकला, आणि तेथल्या लहान स्थानिक माशांना जड गेला.

पाहा, जो गुण टाकीत आपल्याला इतका मोहवतो, तोच नदीत घात करतो. पिल्लांची राखण करणारा, इतरांना हाकलणारा, कोणत्याही पाण्यात तगणारा मासा परक्या नदीत पडला की तेथल्या मूळच्या मंडळींना त्याच्यापुढे टिकणे कठीण. आणि नदी म्हणजे विहीर नव्हे. विहीरही पुरात वाहते, ही गोष्ट वेगळीच. कयाधूचे पाणी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला. पूर्णेचे पाणी सिद्धेश्वर धरणातून उतरून गोदावरीलाच जाते. हिंगोलीत ओतलेली बादली म्हणजे गोदावरीत ओतलेली बादली. या पाण्यांतल्या मरळ, शिंगटी नि वाम यांच्यावर आणि धरणांत सोडलेल्या कटला-रोहूवर भोई बांधवांची चूल पेटते. आपल्या हौसेचा भार त्यांच्या चुलीवर पडू नये.

मग करायचे काय? उपाय सोपे आहेत. पिल्ले नको असतील तेव्हा अंडी घातलेले सुगड दुसऱ्याच दिवशी बाहेर काढावे, अंडी खरवडून कुंडीतल्या मातीत पुरावीत आणि सुगड धुऊन ठेवावे. गुलाबाला खत होते. पैदास थांबवायची असेल तर नर आणि मादी कायमचे वेगळे ठेवावेत. वाढलेले मासे द्यायचे तर ज्याच्याकडे टाकी आहे त्यालाच द्यावेत, आणि देताना हीच अट घालावी. टाकीचे बदललेले पाणीसुद्धा नाल्यात न ओतता झाडांना घालावे. त्यात अंडी-पिल्ले असली तरी ती मातीतच संपतात, आणि झाडांना ते पाणी उत्तम.

खरे सांगायचे तर घरात सिक्लिड पाळणे म्हणजे एक छोटे राज्य चालवणे आहे. प्रजा मायाळू आहे आणि तापटही आहे. एक गुण ठेवून दुसरा काढून टाकता येत नाही. भिंत कोठे घालायची, काच केव्हा पुसायची, कोणाला केव्हा वेगळे करायचे, हे राजाने पाहायचे. आणि राज्याची हद्द टाकीच्या चार काचांपाशी संपते, हे कधी विसरायचे नाही. एवढे पाळणाऱ्याच्या घरी एखाद्या सकाळी सुगडाच्या तोंडातून इवल्याशा पिल्लांचा ढग बाहेर येईल, पुढे आई आणि मागे बाप असेल. मुलांना बोलावून तो अवश्य दाखवा.